पोटातला ठोका

सावंतवाडीच्या थिएटरात, दुपारच्या खेळाला, भर अंधारात माझे वडील खुर्चीतून उठून उभे राहिले, तेव्हा मला आधी वाटलं की त्यांना लघवीला जायचं असेल. वय झालेलं, एसीची सवय नाही, त्यात मध्यंतरात थंडगार सरबताचा मोठा ग्लास रिचवलेला. मी हळूच म्हटलं, ‘बाबा, भायर जावचा आसा काय?’ मग मला त्यांचे खांदे दिसले. ते हलत होते. मान मागे गेली होती आणि घशातून तो हुंकार येत होता, जो मी लहानपणापासून वर्षातून एकदाच ऐकत आलो होतो, तोही आमच्या देवळाच्या आवारात.

पडद्यावर नायिका रानातून पळत होती. तिच्या मागे ढोल वाजत होता. तो ढोल मी वाजवलेला होता, सिनेमाचं पार्श्वसंगीत माझं होतं, आणि ते ऐकायला मी अर्धा गाव दोन गाड्या करून आणला होता. तो अर्धा गाव आता पडदा सोडून माझ्या वडलांकडे बघत होता. बाबांच्या अंगात अवसार आला होता. सिनेमाच्या थिएटरात. आज हे लिहितानाही मला ते खरं वाटत नाही.

ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांना थोडं सांगायला हवं. मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याहून जरा आत गेलं की आमचा गाव. भात, काजू, आंब्याची थोडी कलमं आणि ग्रामदेवीचं देऊळ. कार्तिकात जत्रा असते. पालखी देवळाभोवती फिरून आली की ढोलावर एक ठेका वाजतो, त्याला आमच्या गावात ‘हाक’ म्हणतात. देवीला मारलेली हाक. ती पुरी झाली की एक माणूस पुढे येतो, त्याच्या अंगात अवसार येतो, म्हणजे देवी त्याच्या तोंडून बोलते, आणि गाव तिला विचारायचं ते विचारून घेतो. कुणाच्या विहिरीचं पाणी आटलंय, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाचा झील, म्हणजे मुलगा, गल्फात गेल्यापासून फोन उचलत नाही. उत्तर मिळतं. पटलं तर उत्तम, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचं. असं उभं राहण्याचा मान आमच्या घराण्यात आहे. आजोबांनंतर तो बाबांकडे आला.

एरवी बाबा म्हणजे चारचौघांसारखा शेतकरी. काजूच्या भावावरून व्यापाऱ्याशी भांडणारे, माशाच्या आमटीत तिरफळं कमी पडली तर आईशी भांडणारे, आणि दोन्ही भांडणांत हरणारे. पण जत्रेच्या दिवशी हाक पुरी झाली की आम्हीही त्यांना बाबा म्हणत नसू. आई त्यांच्या पाया पडे. अवसार उतरला की ते जमिनीवर कोसळत, तांब्यावर तांब्या पाणी पीत आणि कोण काय बोललं ते त्यांना काही आठवत नसे. त्यांच्या वहाणासुद्धा दुसऱ्या दिवशी कुणीतरी आणून देई. गावाने त्यांच्यावर कधी शंका घेतली नाही, आणि मीही नाही. मी देव मानतो की नाही हे मला नक्की सांगता येणार नाही, पण जत्रेतल्या बाबांना मी मानत आलोय.

आता ती हाक. ठोके धावत येतात, मध्ये अडखळतात, पुन्हा धावतात, मग क्षणभर ढोल दम धरतो आणि शेवटचा एकच मोठा ठोका पडतो. तो पडला की हाक पुरी. आमच्या गावातल्या प्रत्येक पोराच्या बोटांत हा ठेका असतो. शाळेच्या बाकावर, पिठाच्या डब्यावर, एस्टीच्या खिडकीवर आम्ही तो बडवायचो. फक्त शेवटचा ठोका कुणी वाजवायचं नाही. बोटं वर उचलायची आणि तशीच ठेवायची. माझी बोटं चुकून खाली येतील असं वाटलं की आई स्वयंपाकघरातून ओरडे, ‘शेवटचो ठोको पोटात ठेव.’ कारण पुरी हाक गेली, देवी आली आणि समोर उभं राहायला कुणी नसलं, तर तिला रिकामं परत जावं लागतं. मग ज्याने उगाच हाक मारली त्याच्या मानेवर ते बसतं. काय बसतं हे मोठ्यांपैकी कुणी सांगत नसे, त्यामुळे भीती आणखी वाढायची.

मला संगीत कुणी शिकवलं नाही. सा कुठला आणि म कुठला हे मला आजही विचारू नका. सावंतवाडीला बी. कॉम. करताना एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे मी व्हिडिओ कापायला जात असे. वरातीला एक सिनेमाचं गाणं, हळदीला दुसरं, पाठवणीला तिसरं, अशी चिकटवाचिकटवी चालायची. मग लोक लग्नाचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकू लागले आणि इंटरनेटवाले दुसऱ्याच्या मालकीच्या गाण्यांमुळे त्यांचा आवाजच बंद करू लागले. ऐन सप्तपदीत भटजी नुसतेच ओठ हलवताहेत, नवरी मुकी रडतेय. गिऱ्हाइकं दुकानात येऊन शिव्या देऊ लागली. मालक वैतागून मला म्हणाला, ‘अरे, तूच कायतरी वाजव. तुझ्यार कोण केस घालतलो?’

अशी माझी कारकीर्द सुरू झाली. त्याच्याच संगणकावर, रडतखडत, दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून बघून मी शिकलो. पाठवणीचं एक संगीत मी असं केलं की बांद्यापासून मालवणापर्यंतच्या आया त्यावर रडल्या, आणि एका नवरदेवाने तक्रार केली की बायको तो व्हिडिओ लावून लावून माहेरी जायला निघते. त्यानंतर मालवणी विनोदी व्हिडिओ आले, त्यातून एक छोटी फिल्म आली, आणि त्या फिल्मवाल्यांनी मला मुंबईला ओढून नेलं. दहिसरला एक खोली घेतली. भिंतींना गाद्या लावल्या आणि तिला स्टुडिओ म्हणायला लागलो.

वादकांशी बोलायची माझी भाषा ऐकून लोक आधी हसत. सारंगीवाल्याला मी सांगायचो, एस्टी घाट चढताना गिअर बदलते तसं घ्या. व्हायोलिनवाल्याला म्हणायचो, रड, पण पाहुण्यांसमोर रडतात तसं. त्यांना ते कळायचं. मला स्वर लिहिता येत नाहीत, म्हणून सगळं तोंडाने आणि बोटांनी चालायचं. आणि माझी एक खोड होती. दार उघडतं, प्रेत दिसतं, चाकू निघतो, तिथे बाकीचे सगळे धाडकन काहीतरी आपटतात. मी त्या जागेपर्यंत आणायचो आणि थांबायचो. शेवटचा ठोका द्यायचोच नाही. प्रेक्षकाला तो स्वतःच्या पोटात वाजवावा लागे आणि त्याची छाती माझ्या ढोलापेक्षा जोरात धडधडायची. एका समीक्षकाने यावर ‘मौनाचा विलक्षण वापर’ असं काहीबाही लिहिलं. मी ते आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मौन कसला? ह्यां तर मी तुका शिकयलेला.’ ते खरंच होतं.

मग हा मोठा सिनेमा मिळाला. पहिल्यांदाच माझं नाव पोस्टरवर येणार होतं. गोष्ट कोकणात घडणारी, म्हणजे अर्थातच त्यात भूत. आमच्या जिल्ह्यात माणसं राहतात यावर सिनेमावाल्यांचा अजून विश्वास नाही. दिग्दर्शक म्हणाला, ‘शेवटच्या पाठलागाला तुमच्याकडचं काहीतरी अस्सल दे. अंगावर काटा आला पाहिजे.’ मी हाक द्यायचं ठरवलं. त्यात मला गैर काही दिसलं नाही, कारण मी ती गावातल्या पोरांसारखीच देणार होतो, शेवटचा ठोका सोडून. मसुऱ्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून ढोल आणला आणि गाद्यांच्या खोलीत एकटाच वाजवत बसलो. प्रत्येक फेरीच्या शेवटी हात वर जायचा आणि वरच राहायचा. दिग्दर्शकाने ऐकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

सिनेमा मे महिन्यात लागला. मी गावी आलो, गाड्या ठरवल्या. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून पुढच्या सीटवर बसले. सावंतवाडीपर्यंत त्यांनी ड्रायव्हरला तीनतीनदा सांगितलं की त्यांच्या झिलाचं नाव पडद्यावर येणार आहे. माझं नाव आलं तेव्हा गावाने शिट्ट्या मारल्या. बाबांनी नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मध्यंतरात त्यांनी पॉपकॉर्न खाऊन बघितले आणि म्हणाले, ‘मक्याच्यो लायो चांगल्यो आसत, पण ह्येंच्याकडे गूळ नाय दिसता.’ इतका आनंदाचा दिवस माझ्या आयुष्यात तोवर आला नव्हता.

आणि मग पाठलाग सुरू झाला, ढोल सुरू झाला, आणि बाबा उभे राहिले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बाबा थरथरताहेत, हुंकारताहेत. आमच्या गावची माणसं एकेक करून उठली आणि हात जोडून उभी राहिली. एक म्हातारे गावकर, देवळाचे मानकरी, खुर्च्यांच्या अरुंद रांगेतून वाट काढत पुढे आले आणि गाऱ्हाणं घालू लागले, ‘बाये, लेकरांची चूक झाली असात तर पदरात घे,’ आणि गावाने मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. वर नायिका किंचाळत होती. मागच्या रांगांतली शहरातली पोरं आधी घाबरली, मग हसली, मग त्यांनी मोबाइल काढले. अवसार शांत करायला तांदूळ लागतात आणि तीर्थ लागतं. तिथे कुठले तांदूळ? आईने पॉपकॉर्नचा पुडा उचलला, त्यातल्या लाह्या बाबांच्या डोक्यावर टाकल्या, प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी त्यांच्या पायांवर ओतलं आणि त्या ओल्या कार्पेटवर डोकं टेकलं. मी खुर्चीत तसाच बसून होतो.

थोड्या वेळाने बाबा शांत झाले. दिवे लागले. ते खाली वाकले, खुर्चीखालच्या आपल्या वहाणा पायाने चाचपून शोधल्या, घातल्या आणि कुणाकडे न बघता बाहेर चालू लागले.

घरी पोचल्यावर मी मागच्या पडवीत जाऊन मुंबईला साउंड इंजिनिअरला फोन लावला. सिनेमाच्या आवाजाची शेवटची जुळवाजुळव त्याने केली होती. हुशार मुलगा, रीतसर शिकलेला. मी विचारलं, ‘पाठलागाच्या ढोलात काही बदललंस का?’ तो म्हणाला, ‘अरे हो, सांगायचं राहिलंच. तुझ्या प्रत्येक फेरीच्या शेवटी एक ठोका गळला होता. स्क्रीनवर भोक दिसत होतं. मला वाटलं कापताना उडाला असेल. मी मधलाच एक उचलून जागेवर बसवला. मस्त भरीव झालं.’ मी म्हटलं, ती जागा मुद्दाम रिकामी होती. तो म्हणाला, ‘मग खूण करायची ना. साधी रेस्टची खूण असते. कुणीही ओळखतं.’ रिकाम्या जागेलाही खूण असते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण चूक त्याची एकट्याची नव्हती. अंतिम प्रत मी स्वतः ऐकली होती, मोठ्या स्टुडिओत, महागड्या स्पीकरवर, आणि मान डोलावून होकार दिला होता. मला तो ठोका ऐकूच आला नव्हता. लहानपणापासून तो माझ्या पोटात वाजतच होता. बाहेर वाजला तेव्हा मला फरक कळला नाही. त्या दिवसानंतर मी दोन्ही प्रती कितीतरी वेळा लावून पाहिल्या. मला आजही त्या सारख्याच वाटतात. ज्या कानांवर मी पोट भरतो, त्या कानांचं हे असं आहे.

व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जिल्हाभर फिरला. ‘देवीने तिकीट काढलं का’ वगैरे. दिग्दर्शकाचा आनंदाने फोन आला, ‘अशी प्रसिद्धी विकत मिळत नाही. बाबांना पुण्याच्या खेळाला आणता येईल का?’ मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढचं काम त्याने मला दिलं नाही आणि मी मागितलंही नाही. पण सिनेमा मोबाइलवर येण्याआधी तो ठोका काढायला लावला. निर्माता म्हणाला, ‘एका ठोक्यासाठी एवढं भांडतोस?’

गावात त्याहून वाईट चाललं होतं. चहाच्या टपरीवर, रेशनच्या रांगेत, देवळाच्या पायऱ्यांवर एकच विषय. काही म्हणत, देवीला थिएटर काय आणि देऊळ काय. पण बाकीचे जे म्हणत ते मी एकदा स्वतःच्या कानाने ऐकलं. पिंपळाच्या पारावर एकजण दुसऱ्याला सांगत होता, ‘मशीनीन हाक मारल्यान नि देवी धावत इली? मगे ढोल कित्याक, पालखी कित्याक? एक मोबाइल ठेवा देवळात. नायतर मग इतकी वर्षां तो म्हातारो आमच्यासमोर नुसतो नाचत हुतो.’ मला बघून ते दोघे उठून गेले. मी घरी येऊन जेवलो नाही.

गावकरांनी देवळात बैठक बोलावली. बाबांनी जत्रेला उभं राहावं की नाही, यावर देवीचा कौल घ्यायचा असं ठरत होतं. बाबा बैठकीला गेले आणि कुणी काही विचारायच्या आत हात जोडून म्हणाले, ‘कौल नको. माझा वय झाला. यंदापासून माझ्या पुतण्याक उबो करा.’ आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, त्या हसणाऱ्या पोरांनी, त्या व्हिडिओने, म्हणजे शेवटी मीच, माझ्या बापाला मान खाली घालायला लावली.

त्यानंतरची एक सकाळ. आई तळीवर गेली होती. बाबा खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होते आणि मी त्यांच्याबरोबर पसरत होतो. बोटं लाल झाली होती. मला राहवेना. मी म्हटलं, ‘बाबा, तुमी मान सोडू नको हुतो. लोक हसले म्हणान देवी येवची थांबता काय? ती इली ता सगळ्यांनी बगल्यानी.’

ते सोलं पसरत राहिले. मग म्हणाले, ‘ती येवक नाय.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

‘त्या दिवशी माझ्या अंगात काय्येक येवक नाय,’ ते म्हणाले. ‘मी जागो हुतंय. सगळा समजत हुता. तुझो ढोल सुरू झालो तेव्हा बरा वाटला, म्हटला पोराक आठवण आसा. माका वाटला, शेवटचो ठोको तू पोटात ठेवतलंस. तो पडलो. पुरी हाक झाली.’

‘बाबा, तो मी नाय...’

‘कोणी वाजयल्यान ता देवी विचारणा नाय. ढोल तुझो हुतो.’ त्यांनी एक सोल उलटं करून ठेवलं. ‘हाक मारल्यार कोणतरी उबो रवाक होयो. नायतर ता तुझ्या मानेर बसला असता. थयसर दुसरो कोण हुतो उबो रवणारो? म्हणान मी उठलंय. थरथरलंय, हुंकारलंय. सगळा खोटा.’

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला एकदम त्यांच्या वहाणा आठवल्या. अवसार उतरलेला माणूस अंधारात खुर्चीखालच्या आपल्या वहाणा शोधत नाही. मी ते बघितलं होतं आणि मला काही कळलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातलेला हा माणूस, पूर्ण शुद्धीत, मागची पोरं हसताहेत हे ऐकत, मोबाइलचे दिवे तोंडावर घेत, डोक्यावर पॉपकॉर्न झेलत माझ्यासाठी उभा राहिला होता. आयुष्यभर ज्यात त्यांनी कधी लबाडी केली नाही, त्यात.

‘मशीनीक ती येणा नाय, ह्या माका थयसर कळला,’ ते म्हणाले. ‘पण तोपर्यंत मी उबो रवलेलंय.’

म्हणजे पारावर जो वाद चालला होता त्याचं उत्तर गावात एकट्या बाबांना ठाऊक होतं, आणि ते त्यांना कुणाला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, ‘मग गावाक खरा सांगूया. मी सांगतंय. लोक समजतले.’

‘नको.’

‘पण मान सोडूक कित्याक होयो हुतो? एकदाच तर...’

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते. लहानपणी गणित चुकलं की बघायचे तसं बघितलं. ‘खोटो उबो रवलेलो माणूस परत खरो उबो रवाक जमता काय रे? उद्या जत्रेक अंगात इला, तर ता खरा काय खोटा, माकाच कळूचा नाय.’

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. ते सूप माझ्या हातातून घेत म्हणाले, ‘आवशीक सांगू नको. तिना माझ्या पायार पाणी घातल्यान.’

आईला मी सांगितलेलं नाही. ती आता नाही, म्हणून हे लिहू शकतोय. बाबा आहेत, पण त्यांना हल्ली वाचता येत नाही आणि मी वाचून दाखवणार नाही.

त्या वर्षी जत्रेला मी मुंबईची सगळी कामं टाकून गेलो. पालखी देवळाभोवती फिरून आली. बाबा नेहमीच्या जागी नव्हते. ते आई आणि माझ्यामध्ये दीपमाळेपाशी, इतर लोकांसारखे उभे होते, आणि लोक त्यांच्यासाठी वाट करून द्यायला लागले की ते मान हलवून नको म्हणत होते. माझा चुलतभाऊ पुढे जाऊन उभा राहिला. नवं धोतर नेसला होता आणि घाबरलेला दिसत होता. ढोल सुरू झाला.

मी बाबांच्या हाताकडे बघत होतो. त्यांची बोटं मांडीवर चालली होती. धावत येणारे ठोके, अडखळणारे ठोके, सगळे बरोब्बर. इतकी वर्षं या ठेक्यावर त्यांची बोटं मी कधी बघितली नव्हती, कारण तेव्हा ते आमच्यात नसायचे. मग ढोलाने दम धरला. बाबांची बोटं वर उचलली गेली. ढोलावर मोठा ठोका पडला, पुढे चुलतभाऊ थरथरू लागला, गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला, आईने हात जोडले. बाबांनी ती वर उचललेली बोटं हळूच मिटून मुठीत घेतली आणि पोटाशी धरून ठेवली.